श्वानपैदास आणि विलायती कायदा

इ. स. १७९६ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटांत कुत्र्यांवर कर बसवावा कीं नाहीं, या प्रश्नावर मोठा खल झाला. फ्रान्सशीं युद्ध जुंपलें होतें, धान्य महागलें होतें, आणि पिट प्रधानाच्या तिजोरीस पैशाची निकड होती. जॉन डेंट नांवाच्या सभासदाचें म्हणणें असें कीं, महागाईच्या दिवसांत गरिबांच्या तोंडचा घांस खाणाऱ्या आणि पिसाळल्यास माणसाच्या जिवावर उठणाऱ्या या प्राण्यावर कर बसविणें हेंच शहाणपण होय. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, दिवसभर राबणाऱ्या मजुरास कुत्र्याखेरीज दुसरा सोबती तो कोणता? अखेर कर बसला, आणि डेंटसाहेबांस ‘डॉग डेंट’ ही पदवी कायमची चिकटली.

अर्वाचीन कायद्याची व कुत्र्याची ही पहिली ठळक गांठ. आणि ती पडली ती करवसुलीच्या कचेरींत. त्यापूर्वीं मध्ययुगांत राजाच्या राखीव रानालगत राहणाऱ्या प्रजेनें आपल्या मोठ्या कुत्र्याच्या पुढील पायाचीं तीन नखें छाटून टाकावीं असा दंडक होता, व १२१७ च्या अरण्यसनदेंतही तो नमूद आहे. कां, तर कुत्र्यानें राजाच्या हरणामागें धांवूं नये. हरणाचा विचार झाला, धान्याचा झाला, तिजोरीचा झाला. कुत्र्यास कांहीं दुखतें खुपतें कीं काय, हा प्रश्न मात्र दोन्ही वेळां कायद्याच्या गांवींही नव्हता.

पुढें १८६७ सालीं या कराचें पांच शिलिंगांच्या वार्षिक परवान्यांत रूपांतर झालें. १८७८ सालीं ती रक्कम साडेसात शिलिंग झाली, आणि दोन महायुद्धें होऊन गेलीं, दशमान नाणीं आलीं, तरी शंभरांहून अधिक वर्षें ती तेवढीच राहिली. १९८७ सालीं हा परवाना रद्द झाला तेव्हां तो वसूल करण्याचा खर्च उत्पन्नापेक्षां अधिक होत असे. ‘परवाना’ हा शब्द आम्हीं येथें मुद्दाम उच्चारिला. साडेसात शिलिंग भरणाऱ्यास सरकारनें कधीं विचारलें नाहीं कीं, बाबा रे, तुझा कुत्रा निजतो कोठें आणि खातो काय? ती नुसती पावती होती. पावतीच्या परवान्यापासून जबाबदारीच्या परवान्यापर्यंत येण्यास इंग्रज समाजास सुमारें पावणेदोनशें वर्षें लागलीं, व ती जबाबदारी प्रथम पडली ती कुत्रा पाळणाऱ्यावर नव्हे, तर पिलें काढून विकणाऱ्यावर. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्राण्यांस क्रूरतेपासून कायद्यानें वांचवावें, ही कल्पना पार्लमेंटांत प्रथम आली तेव्हां तिची थट्टाच झाली. १८०० सालीं बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद करण्याचें बिल आलें, तें अवघ्या दोन मतांनीं पडलें. विरोधकांचा अग्रणी विंडहॅम हा मोठा विद्वान् व बर्कचा स्नेही. त्याचा मुद्दा असा कीं, श्रीमंतांनीं घोड्यांवर बसून कोल्ह्यांच्या मागें कुत्रे सोडावे आणि गरिबांनीं मात्र आपला खेळ सोडावा, हा कोठला न्याय? या मुद्द्याचा उपयोग त्यानें वाईट कामासाठीं केला हें उघड आहे. परंतु मुद्दा खोटा नव्हता. दयेचा कायदा प्रथम गरिबाच्या अंगणांत शिरतो व श्रीमंताच्या दिवाणखान्याशीं येऊन घुटमळतो, हा अनुभव पुढें श्वानपैदाशीच्या बाबतींतही आलेला आपण पाहूं.

१८२२ सालीं गॉलवेचे रिचर्ड मार्टिन यांनीं आपलें बिल पार पाडिलें. गुरें, घोडे व मेंढ्या यांस निर्दयपणें मारहाण करणाऱ्यास दहा शिलिंगांपासून पांच पौंडांपर्यंत दंड सांगितला. कुत्र्याचें त्यांत नांव नव्हतें; इतकेंच काय, ‘गुरें’ या शब्दांत बैल येत नाहीं, असाही अर्थ पुढें न्यायालयांनीं काढिला! १८२४ सालीं पशुक्रूरतानिवारक मंडळी निघाली, आणि १८३५ च्या कायद्यानें कुत्र्याचा संरक्षणांत समावेश झाला. बैलांचा खेळ, कोंबड्यांच्या झुंजी व कुत्र्यांच्या झुंजी बेकायदा ठरल्या. १८५४ पासून सार्वजनिक रस्त्यांवर गाडीस कुत्रा जुंपण्याचीही सर्वत्र बंदी झाली. हे सर्व कायदे चांगलेच. परंतु त्यांची दृष्टि चव्हाट्यावर होती. चारचौघांदेखत होणारें क्रौर्य त्यांस दिसे. बंद दाराआड, सावकाश, पिढ्यानुपिढ्या घडणारें क्रौर्य दिसण्यासारखा चष्मा अद्याप तयार व्हावयाचा होता.

आणि नेमकें तसलें क्रौर्य त्याच सुमारास जन्मास येत होतें. बैलांचा खेळ बंद होतांच बुलडॉग हा कुत्रा बेकार झाला. वास्तविक येथें ही जात नामशेष व्हावयाची. परंतु तिला नवा पोशिंदा भेटला. १८५९ च्या जून महिन्यांत न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें पहिलें रीतसर प्रदर्शन भरलें. पॉइंटर व सेटर या दोन शिकारी जातींचे साठ कुत्रे मांडले होते, व बक्षिसादाखल बंदुका दिल्या होत्या. बक्षीस बंदुकीचें असल्यामुळें कुत्र्याचा व शिकारीचा संबंध अजून जिवंत होता, असें म्हणतां येईल. पुढें तो सुटला. आगगाड्यांनीं प्रदर्शनें गांवोगांव नेलीं; गिरणगांवांतील कारागिरापासून सरदारापर्यंत सर्वांस हें वेड लागलें. १८७३ सालीं पार्लमेंटचे सभासद शर्ली व त्यांचे बारा स्नेही यांनीं लंडनांत केनेल क्लब स्थापिला, आणि पुढील वर्षीं चार हजारांवर कुत्र्यांच्या नांवांची पहिली वंशनोंदवही छापून निघाली. १८९१ सालीं चार्लस क्रफ्ट या कुत्र्यांच्या बिस्किटांच्या व्यवहारांत मुरलेल्या गृहस्थानें आपल्या नांवाचें प्रदर्शन इझलिंग्टन येथें भरविलें. तें आज जगांतील सर्वांत मोठें समजतात.

या नोंदवहीनें एक मोठा पालट घडविला. तोंपर्यंत कुत्र्याची जात त्याच्या कामावरून ओळखीत. मेंढ्या वळतो तो मेंढपाळाचा, उंदीर मारतो तो टेरिअर. आतां जात कागदावरून ठरूं लागली. ज्याचे आईबाप वहींत, तोच कुलीन. आम्हां लोकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. कुलवृत्तांत व सोयरिकी यांचा आमचा अभ्यास इंग्रजांहून जुना आहे. परंतु आमच्या शास्त्रकारांनीं निदान सगोत्र विवाह वर्ज्य केला होता. इंग्रज श्वानप्रेमी बापाशीं लेकीचा व भावाशीं बहिणीचा संबंध बेधडक घडवून आणीत, कारण हवें तें रूप पिलांत लौकर पक्कें होण्याचा तो सोपा मार्ग होता. असल्या पिलांची नोंद करणें केनेल क्लबानें बंद केलें तें २००९ सालीं.

रूपाचे नियमही लिहून निघाले. बुलडॉगचें डोकें मोठें असावें, तोंड आंखूड असावें, खांदे रुंद असावे. प्रत्येक पिढींत परीक्षकानें त्यांतल्या त्यांत मोठ्या डोक्यास व आंखूड तोंडास बिल्ला दिला. आणि मालकांनीं त्याच नरापासून पिलें काढलीं. परिणाम असा कीं, पिलाचें डोकें मादीच्या कंबरेंतून बाहेर पडेना. आज या जातीचीं बहुसंख्य पिलें पशुवैद्याच्या सुरीनें, पोट फाडून जन्मास येतात. नाक चपटें झाल्यामुळें या कुत्र्यास धड श्वासही घेतां येत नाहीं. त्याचें घोरणें ऐकून घरचीं माणसें कौतुकानें हंसतात. यांत कोणी चाबूक उगारिला नाहीं, कोणी उपाशी ठेविलें नाहीं. उलट दूध, मांस, मऊ गादी, सर्व कांहीं होतें. १८३५ चा कायदा येथें कोणास धरणार?

क्लबाच्या बाजूनें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. शोभेसाठीं कुत्र्यांचे कान कातरण्याची चाल होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, युवराज एडवर्ड यांनीं नापसंति दर्शविल्यावर, कातरलेल्या कानांचे कुत्रे प्रदर्शनांतून वगळण्यांत आले. कात्रीनें केलेली इजा त्या सभ्य लोकांस दिसली. वंशनिवडीनें केलेली दिसली नाहीं.

येथें एका जातीची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे, कारण तिचा पुढें कायद्याशीं संबंध येतो. दुसऱ्या चार्लस राजास लहान स्पॅनिअल कुत्र्यांचा फार नाद. त्या काळच्या तसबिरींत हे कुत्रे दिसतात. त्यांस चांगलें निमुळतें नाक आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत प्रदर्शनकारांनीं तें नाक पिढीगणिक चेपीत नेऊन सपाट केलें. १९२६ सालीं रॉझवेल एल्ड्रिज नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ तसबिरींतला कुत्रा शोधीत विलायतेंत आला, व तो कोठेंच न दिसल्यामुळें त्यानें क्रफ्टच्या प्रदर्शनांत पंचवीस पौंडांचीं बक्षिसें लावलीं: जुन्या चित्रांतल्यासारखा लांब नाकाचा कुत्रा आणा, आणि पैसे घेऊन जा. बिचाऱ्याचा हेतु फळास येण्यापूर्वींच तो वारला. परंतु बक्षिसाच्या आशेनें कांहीं लोकांनीं टाकाऊ समजलेलीं लांब नाकाचीं पिलें राखलीं, १९२८ सालीं मंडळ निघालें, आणि १९४५ सालीं ‘कॅव्हेलिअर किंग चार्लस स्पॅनिअल’ ही स्वतंत्र जात मान्य झाली. नाक परत आलें खरें. पण थोड्या कुत्र्यांपासून सर्व जात वाढविल्यामुळें हृदयाचा विकार तिच्या पाठीस लागला, आणि कित्येकांची कवटी आंतल्या मेंदूस पुरेनाशी झाली. एक दोष काढावयास जाऊन दुसरा कसा पदरीं येतो याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

असो. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाच्या हातीं पैसा खेळूं लागला व जातिवंत पिलूं ही घरोघरची हौस झाली. १९५१ च्या कायद्यानें पाळीव प्राण्यांच्या दुकानांस परवाना आला. परंतु दुकानांत पिलें येतात कोठून, हें पाहण्यास आणखी बावीस वर्षें गेलीं. तीं येत होतीं वेल्समधल्या व इतर ठिकाणच्या शेतांवरून. शेतीचें उत्पन्न घटलें कीं रिकाम्या गोठ्यांत, कोंबड्यांच्या खुराड्यांत माद्या कोंडून पिलांचें पीक काढावयाचें, असा हा धंदा. ‘पपी फार्म’ हें नांवच किती बोलकें! १९७३ च्या कायद्यानें ठरविलें कीं, विक्रीच्या पिलांसाठीं दोहोंपेक्षां अधिक माद्या ठेवणाऱ्यानें स्थानिक संस्थेकडून परवाना घ्यावा; जागा, अन्न, पाणी, अंथरूण, आगीपासून बचाव, रोगराईचा बंदोबस्त हें सारें पाहून तो द्यावा.

कागदावर कायदा उत्तम होता. त्यांत एकच गोम होती. तपासनीसास ज्याच्या घरीं परवाना आहे त्याच्याकडेच जातां येई. म्हणजे जो कायदा पाळी त्याची झडती होई, व जो परवानाच काढीत नसे तो निर्धास्त राही. ही चूक दुरुस्त होण्यास १९९१ साल उजाडलें. तेव्हां न्यायाधीशाचें वॉरंट घेऊन बिनपरवाना जागेंत शिरण्याची मुभा मिळाली. पण राहत्या घरास त्यांतूनही सूट राहिलीच. परसांतील छपरी व गॅरेज मात्र पाहतां येई. इंग्रजाचें घर हा त्याचा किल्ला, ही म्हण त्याच्या कुत्रीला अशी भोंवली.

१९९९ च्या कायद्यानें प्रथमच मादीच्या देहाची दखल घेतली. एक वर्षाच्या आंत तिला नर दाखवूं नये. बारा महिन्यांत एकापेक्षां अधिक वेत होऊं देऊं नये. साऱ्या जन्मांत सहांपेक्षां अधिक होऊं देऊं नयेत. आणि वह्या ठेवाव्या. वर्षांत पांच वेतें झालीं कीं तो धंदा समजावा, असेंही ठरलें. साहजिकच चार वेतांवर थांबणारे, निदान चार दाखविणारे, पुष्कळ निघाले. कायद्यास आंकडा हवाच असतो, आणि आंकडा आला कीं त्याच्या अलीकडे पाय मुडपून बसणारेही येतातच.

अमेरिकेंतील आंकडा तर याहून चमत्कारिक आहे. तेथें १९६५ सालीं पेपर नांवाची एक पाळीव कुत्री चोरीस जाऊन इस्पितळांतील प्रयोगांत मेली. पुढील वर्षीं ‘लाइफ’ नियतकालिकानें कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांच्या आवारांचीं छायाचित्रें छापलीं. लोक खवळले, आणि १९६६ चा कायदा झाला. पुढें त्याच कायद्याखालीं घाऊक पैदास करणाऱ्यांसही परवाना आला. पिंजरा केवढा असावा, याचें तेथें गणितच दिलें आहे: नाकाच्या टोंकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत कुत्र्याची लांबी इंचांत मोजावी, तींत सहा मिळवावे, व येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, तितके चौरस इंच जमीन पुरे. दोन फूट लांबीच्या कुत्रीस अडीच फूट लांब व अडीच फूट रुंद जागा. उंची, डोक्यावर सहा इंच. मोजपट्टी घेऊन येणाऱ्या तपासनीसास सोयीचें माप खरें. पण त्या चौरसांत एक जीव वर्षानुवर्षें राहिला, तरी कायद्याचा भंग म्हणून होत नाहीं.

इंग्लंडांत मात्र विचार निराळ्या वाटेनें गेला. १९६४ सालीं रूथ हॅरिसन या बाईंनीं कोंबड्या व वासरें कारखान्यांत कशीं वाढवितात यावर पुस्तक लिहिलें. त्यावरून नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीनें १९६५ सालीं म्हटलें कीं, प्राण्यास निदान उठतां, बसतां, वळतां, अंग चाटतां व हातपाय ताणतां आले पाहिजेत. या बीजाचा विस्तार होत होत २००६ चा प्राणिकल्याण कायदा झाला. योग्य जागा, योग्य अन्न, स्वभावानुरूप वागण्याची मोकळीक, सोबत किंवा एकांत, आणि दुःख व रोग यांपासून रक्षण, या पांच गरजा पुरविणें हें प्राणी बाळगणाऱ्याचें कर्तव्य ठरलें. १८२२ चा कायदा म्हणे, ‘मारूं नको’. २००६ चा म्हणतो, ‘सांभाळ’. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हा फरक लहान वाटूं नये.

दोनच वर्षांनीं, २००८ च्या ऑगस्टांत, बी. बी. सी.नें जातिवंत कुत्र्यांच्या व्यंगांवर एक चित्रपट दाखविला. वेदनेनें तळमळणारे कॅव्हेलिअर घरोघरीं पडद्यावर दिसले, आणि ज्या प्रदर्शनाचें कौतुक बी. बी. सी. वर्षानुवर्षें दाखवीत आली होती तें दाखविणें तिनें सोडून दिलें. प्रोफेसर पॅट्रिक बेटसन यांच्या चौकशीचा अहवाल २०१० सालीं निघाला. विंडहॅमचा जुना मुद्दा असा फिरून उलट बाजूनें पुढें आला: खुराड्यांतील मादीवर डोळा ठेवणाऱ्या कायद्यानें बिल्लेवाल्या सद्गृहस्थाच्या दिवाणखान्यांतही पाहिलें पाहिजे कीं नको?

त्याचें उत्तर २०१८ च्या नियमांत सांपडतें. वर्षांत तीन वेतें झालीं कीं परवाना. एकापासून पांचांपर्यंत तारे, व चांगल्या केंद्रास तीन वर्षांचा परवाना. दोनदां पोट फाडून व्यालेल्या मादीस पुन्हां नर दाखवूं नये. आणि ज्या कुत्र्याच्या आनुवंशिक गुणांमुळें, शरीररचनेमुळें वा प्रकृतीमुळें त्यास किंवा त्याच्या पिलांस अपाय होईल असें वाटण्यास सबळ कारण आहे, त्यापासून पैदास करूं नये. हें कलम अक्षरशः लावलें तर बुलडॉगच्या किती केंद्रांस परवाना मिळेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि बहुधा म्हणूनच तें कलम अक्षरशः लावण्याची घाई कोणी केलेली दिसत नाहीं.

तिकडे खुराड्यांचा प्रश्न एका कॅव्हेलिअर कुत्रीनेंच हालविला. २०१३ सालीं वेल्समधल्या एका पैदासकेंद्रांतून लूसी नांवाची कुत्री सोडविली. पिंजऱ्यांत राहून तिचा कणा वांकला होता, अंगावरचे केंस झडले होते, आणि वेतांमागून वेतें होऊन ती झिजली होती. २०१६ च्या डिसेंबरांत ती मेली. मार्क अब्राहम या पशुवैद्यानें तिच्या नांवानें चळवळ चालविली, व ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडांत सहा महिन्यांखालील पिलें मध्यस्थामार्फत विकण्यास बंदी आली. गिऱ्हाइकानें पैदास करणाऱ्याच्याच घरीं जावें, पिलूं आईपाशीं पाहावें, व मग घ्यावें. दैव असें कीं, त्याच्या आधीं दोनच आठवडे, २३ मार्च रोजीं, साथीमुळें साऱ्या देशास घरांत बसण्याचा हुकूम झाला होता. घरीं बसलेल्या लोकांस कुत्र्याची सोबत हवीशी झाली, पिलांच्या किंमती भराभर चढल्या, आणि ‘घरीं जाऊन आई पाहा’ हा नियम, घराबाहेर पडूं नका या हुकुमाखालीं, कित्येकांनीं दूरध्वनीच्या पडद्यावर आटोपला.

आमच्याकडील कायदा याच परंपरेंतला आहे. मुंबईकरांस १८३२ च्या जूनमधील दंगल ऐकून ठाऊक असेल: कंपनी सरकारनें मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम काढिला, तेव्हां पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. त्यानंतर दोन वर्षांनीं जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या औदार्यानें पांजरापोळ उभी राहिली. इंग्लंडच्या कायद्यांत कुत्र्याचें नांव यावयाच्या आधीं तीन वर्षें मुंबईंत कुत्र्यासाठीं दगड उचलले गेले होते, ही गोष्ट आमच्या इतिहासांत अधिक ठळकपणें यावयास हवी. परंतु ती दया रस्त्यावरील कुत्र्यावर होती. १९६० सालीं रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीनें क्रूरताप्रतिबंधक कायदा झाला. त्यांत पहिल्या गुन्ह्यास दंड ठरला दहा ते पन्नास रुपये. मार्टिनसाहेबांच्या दहा शिलिंगांची ही छाया १३८ वर्षांनंतरही ओळखूं येते.

पैदाशीकडे लक्ष गेलें तें २०१५ च्या विधि आयोगाच्या अहवालानंतर. २३ मे २०१७ रोजीं केंद्रसरकारनें श्वानपैदास व विक्री यांचे नियम काढिले. त्याच दिवशीं गुरांच्या बाजाराचेही नियम निघाले व त्यांवरून देशभर एवढें रान उठलें कीं, कुत्र्यांच्या नियमांची वार्ता कोणाच्या कानींही गेली नाहीं. नियम मात्र वाचण्याजोगे आहेत. राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. अठरा महिन्यांच्या आंत मादीस नर दाखवूं नये. सलग दोन माजांत वीण घेऊं नये. आठ वर्षांनंतर घेऊं नये. जन्मांत पांचांपेक्षां अधिक वेतें होऊं देऊं नयेत. आठ आठवड्यांच्या आंतलें पिलूं विकूं नये. कित्येक बाबतींत हे नियम इंग्लंडच्याहून कडक आहेत. नियम मोडल्याचा दंड मूळ कायद्याप्रमाणें शंभर रुपयांपर्यंत, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्या पिलाची किंमत हजारांनीं मोजतात, त्याच्या आईसाठीं शंभर रुपये!

२००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातींत चपट्या नाकाचा पग कुत्रा मुलामागें चालतांना दिसला, आणि पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत त्या जातीची मागणी उसळली. वैशाखांत दुपारीं जिभा काढून धापा टाकणारे ते जीव आमच्या वाचकांनीं पाहिले असतील. आमच्याच शेजारीं दोन आहेत. त्यांच्या जागीं आमच्या दख्खनचा कारवानी कुत्रा, ज्यास मुधोळच्या घोरपड्यांनीं आश्रय दिला, तो लांब नाकाचा असून याच उन्हांत सशामागें धांवत आला आहे. परंतु तो जाहिरातींत नव्हता.

पग घेणाऱ्या घरांपैकीं किती घरांनीं त्याची आई पाहिली? बहुतेक ठिकाणीं पिलूं मध्यस्थानें टोपलींतून आणून दिलेलें असतें. मादी कितव्यांदा व्याली याची वही ठेवण्याचें काम नियमानें पैदास करणाऱ्याकडेच दिलें आहे. त्यानें चार लिहिलें तर चार. मादीच्या आंचळांवरून व पोटाच्या ढिलाईवरून जाणता पशुवैद्य तो आंकडा बराचसा पडताळूं शकतो, परंतु त्यासाठीं त्यास जिना चढून तिच्यापर्यंत जावें लागतें.